ग्रेसन गेला आणि ओजसला काहीच वाटलं नाही

रविवार, २८ डिसेंबर २०२५

देऊन टाकायच्या कपड्यांच्या पिशवीत आज तीस नंबरची केशरी जर्सी दिसली, आमच्या बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल टीमचा पिचर (चेंडू टाकणारा) ग्रेसन रॉड्रिगेझची. घडी घालून, सगळ्यात वर. ओजसला विचारलं तर म्हणाला, "तो आता एंजल्सकडे आहे ना, आई." आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. लहान झाली होती का? नाही. अजून एक उन्हाळा सहज निघाला असता.

ओरिओल्सनी ग्रेसनला एंजल्स या दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात टेलर वॉर्ड घेतला, त्या ट्रेडला (खेळाडूंच्या अदलाबदलीला) महिना उलटला. तेव्हा थँक्सगिव्हिंगची पाहुणेमंडळी यायची होती, मी फार बोलले नाही. आज मात्र सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. ग्रेसन रॉड्रिगेझ गेला याचं वाईट वाटतंय, की ओजसला काहीच वाटलं नाही याचं, तेच कळत नाही. म्हणून लिहायला बसले.

हिशेब मलाही कळतो. टेलर वॉर्डने यंदा ३६ होम रन (चेंडू थेट कुंपणापार) मारले, आपल्याकडे उजव्या हाताने तसं मारणारं कोणी नव्हतं. ग्रेसनने २०२४च्या जुलैनंतर सीझनची एकही मॅच खेळलेली नाही. आधी पाठीचा स्नायू, मग कोपर, मग पुन्हा तोच स्नायू, आणि ऑगस्टमध्ये कोपराची शस्त्रक्रिया. पण वॉर्ड पुढच्या वर्षानंतर करारातून मोकळा होणार. ग्रेसन आणखी चार वर्षं आपला होता. चार वर्षं देऊन एक वर्ष घेतलं. मंदार म्हणतो, न टाकलेल्या चेंडूंची वर्षं मोजायची नसतात. बरोबरच आहे त्याचं. बरोबर असूनही मला ते पटत नाही.

आम्ही इथे बाल्टिमोरला आलो तेव्हा ओरिओल्स फक्त हरायचे. २०१८ला ११५ हार, पुढच्या वर्षी १०८, २०२१ला ११०. कॅमडन यार्ड्स या त्यांच्या मैदानात कुठल्याही रांगेत जाऊन बसावं, अडवणारं कोणी नसायचं. टीम नव्याने बांधायला माइक इलायस आले आणि सगळ्या गावाला एकच काम लागलं, थांबायचं. पोरं निवडली जातायत, खालच्या लीगमध्ये तयार होतायत, येतील. लोकांना तेव्हा मुख्य टीमपेक्षा बोवी आणि ॲबरडीनच्या खालच्या टीममधली पोरं जास्त पाठ होती. आम्हीही बोवीला जायचो. ग्रेसनला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे, कुंपणाला लागून, इतक्या जवळून की चेंडू ग्लोव्हमध्ये आपटल्याचा आवाज छातीत जाणवायचा. तेव्हापासून तो माझ्यासाठी घरचा झाला. नव्या गावात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं, त्या दिवसांत.

मग खरंच आली पोरं. रचमन आला, गनर आला, २०२३ला १०१ विजय. त्या ऑक्टोबरात प्लेऑफच्या दुसऱ्या मॅचला ग्रेसनला, या टेक्सासच्या पोराला, टेक्साससमोरच उभं केलं. दुसरी इनिंग पुरी झाली नाही, पाच रन गेले. लोक चिडले होते. मला तो मान खाली घालून चालत आला तेवढंच आठवतं. पुढच्या वर्षी त्याच पोराने तेरा मॅचेस जिंकून दिल्या आणि मग खांद्यामागचा तो स्नायू गेला.

दुखापत झाली यात त्याचं काय चुकलं? माझी गाडी फिरून फिरून इथेच येऊन अडते. वाईट खेळला म्हणून दिला असता तर मी गप्प बसले असते. तो खेळलाच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खोली तो बरा व्हायच्या आत भाड्याने द्यावी, तसं वाटलं मला. गेल्या वर्षी माझ्या रजेत माझं काम ज्या सहजतेने दुसऱ्याकडे गेलं, ते... जाऊ दे. ते आज नको.

अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. बेसबॉल त्यांना तितकंसं कळत नाही, पण सांगलीचे असल्यामुळे स्मृती मानधनाच्या शेजारी कोण उभं राहतं याची त्यांना घरच्यासारखी काळजी असते. ते लगेच प्रतिका रावळवर गेले. वर्ल्डकपभर ती स्मृतीबरोबर ओपनिंगला आली, न्यूझीलंडविरुद्ध १२२ केल्या, आणि नॉकआउटच्या तोंडावर पाय दुखावला. तिच्या जागी आलेल्या शेफालीने फायनलला ८७ केल्या, वर दोन विकेट काढल्या. "शेफाली आली म्हणून कप आला," अण्णा म्हणाले, "पण त्या रात्री प्रतिकाला खुर्चीवरून मैदानात आणलंच ना पोरींनी?" आणलं होतं. डी. वाय. पाटीलवरचं ते दृश्य बघून मी इथे दुपारच्या चहाबरोबर रडले होते. टीम पुढे जाते, जायलाच हवी. फक्त जाताना त्या माणसाकडे बघावं कोणीतरी.

आणि ओजसने बघितलं नाही. हेच बोचतंय.

दुपारी भांडी लावता लावता मात्र एक गोष्ट लक्षात आली. ओजस थांबलाच नव्हता कधी. ११० हारच्या वर्षी तो माझ्या मांडीवर झोपायचा. त्याला टीम कळायला लागली तेव्हा ती जिंकत होती. त्याच्या आयुष्यातलं पहिलं वाईट वर्ष हे. ७५ विजय, विभागात शेवटचा नंबर, मे महिन्यात मॅनेजर ब्रँडन हाइडना काढलं. पोरगं जूनमध्ये स्कोअर विचारायचंच बंद झालं होतं. आणि आता एका महिन्यात वॉर्ड, शेवटच्या इनिंगसाठी पिचर हेल्सली, पाच वर्षांना १५५ मिलियन डॉलर देऊन पीट अलोंसो! जी मालकमंडळी पैसा सोडत नाहीत म्हणून इथे सगळे ओरडायचे, त्यांनी सोडला. अलोंसोच्या बातमीवर ओजस सोफ्यावरून उडी मारून खाली आला होता. त्याला पुढचा एप्रिल दिसतोय. मला बोवीचं कुंपण.

तरी कुठल्या ट्रेडला चांगलं म्हणायचं हे डिसेंबरात कोणी सांगू नये, हेही मी इथेच शिकले. २०२४ला मायामीला काइल स्टॉवर्स आणि नॉर्बी देऊन पिचर ट्रेव्हर रॉजर्स आणला. रॉजर्सने येऊन इतका मार खाल्ला की खालच्या लीगमध्ये नॉरफोकला पाठवावा लागला. यंदा स्टॉवर्स तिकडे मायामीत ऑल-स्टार झाला तेव्हा इलायसना शिव्या बसत होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात रॉजर्सने अठरा मॅचेसमध्ये नऊ इनिंगमागे १.८१ रनची सरासरी ठेवली. दोन्ही गावांचं भलं झालं. पिचर कॉर्बिन बर्न्सला जाऊ दिलं म्हणून गेल्या डिसेंबरात रडलो. ॲरिझोनाने त्याला २१० मिलियन दिले आणि जूनमध्ये त्याच्या कोपराचं मोठं ऑपरेशन झालं. आनंद नाही होत अशाने. पिचरचा हात हा प्रकारच जीव टांगणीला लावणारा आहे, मग तो कोणाकडेही असो.

पिचर शेन बाझही आलाय गेल्या आठवड्यात, टँपाकडून. त्याच्यासाठी खालची चार पोरं दिली, शिवाय ड्राफ्टमधली (नव्या पोरांच्या निवडीतली) एक निवड. त्यातली दोघं तर जुलैमध्येच निवडलेली. त्यांची नावं पाठ व्हायच्या आत गेली. मला तरी अजून एक भरवशाचा पिचर हवाय. ब्रॅडिश मोठ्या शस्त्रक्रियेतून परत येऊन जेमतेम महिनाभर खेळलाय, एफ्लिनची पाठ दुखरी आहे, बाझच्याही कोपराचं ऑपरेशन एकदा झालंय. सगळा हिशेब पुन्हा हातांवरच.

६ सप्टेंबरची रात्र मात्र या वाईट वर्षातही कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. कॅल रिपकेनच्या सलग मॅचेस खेळण्याच्या विक्रमाला तीस वर्षं झाली म्हणून मैदान भरलेलं. समोर डॉजर्सचा पिचर यामामोतो, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत एकही हिट नाही. मग जॅक्सन हॉलिडेचा होम रन, आणि तिथून बघता बघता ४-३ने जिंकलो. एकवीस वर्षांच्या पोराने ते दार उघडलं. त्या रात्री ओजस मला घट्ट धरून नाचला. म्हणजे पोरगं कोरडं नाहीच आहे. त्याचा जीव टीमवर आहे, माझा एकेका पोरावर. दोन्ही प्रेमंच.

आणि ग्रेसनचंही बरं होईल कदाचित. एंजल्सना पिचर हवेच आहेत, ते त्याला वेळ देतील. इथे यंदा कोणाकडे वेळ नाही. त्यांच्या घरच्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेनऊनंतर सुरू होतात. तो पहिल्यांदा मैदानात येईल तेव्हा मी जागी असेन.

आता खरी धास्ती रचमनची. ऑगस्टमध्ये बासायोला आठ वर्षांसाठी बांधून घेतलं, तोही रचमनसारखा कॅचरच. रचमनची दोन वर्षं उरली आहेत, आणि यंदा दोनदा बरगडीजवळचा स्नायू दुखावला. पुन्हा दुखापतच. तो पहिला आला होता, त्याच्यापासून सगळं सुरू झालं, असं मी म्हणायला लागले की मंदार विषय बदलतो.

संध्याकाळी मंदार विचारत होता, तिकिटं कधीची काढायची, उन्हाळ्याच्या सुट्टीतली का? मी म्हटलं, एप्रिलचीच काढ. ऑगस्टच्या सुरुवातीला ट्रेडची मुदत संपते, तोवर रचमन इथेच असेल याची मला खात्री नाही.