५ जून, वाचनालयात

पाय इतके दुखतायत की लिहायचा कंटाळा आलाय, पण उद्यापर्यंत निम्मं विसरायला होईल म्हणून आत्ताच लिहून टाकते. आज वाचनालयात पर्यावरण दिन झाला. तसा दरवर्षीच होतो, एक फ्लेक्स, एक पाहुणे, एक रोप, फोटो, बटाटेवडा, चला घरी. यंदा मी कमिटीच्या मीटिंगमध्येच सांगितलं, फ्लेक्स नको बाबा, प्लास्टिकवर पर्यावरण वाचवा छापायचं आणि वर त्याच्यासमोर भाषण ऐकायचं, हसू येतं. मग पोरांनी कुणाच्या तरी जुन्या धोतरावर पोस्टर कलरने लिहिलं. शेवटचा 'ण' मावला नाही म्हणून खालच्या ओळीत गेला, तसंच टांगलं.

हा दिवस १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेवरून ठरला आणि १९७३ पासून साजरा होतोय. आमच्याकडे तेव्हा शाळा उघडलेल्या नसतात ही गोष्ट वाचनालयाच्या पथ्यावर पडते. चाकरमान्यांची पोरं अजून गावात असतात, आंबे संपत आलेले, फणसाचा कंटाळा आलेला, आयाच म्हणतात घेऊन जा यांना एकदाची. आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, त्यामुळे एरवी वाचनालयाची पायरी न चढणारी गाबीतवाड्यातली, म्हणजे मच्छीमार वस्तीतली, माणसं पण जरा मोकळी सापडतात. जाळ्यांची कामं असतातच म्हणा, पण दोन तास काढता येतात.

सकाळी रद्दीच्या पिशव्या झाल्या, जुन्या साड्यांच्या पिशव्या झाल्या, बायकांनी मशीनच आणलेली. ठीक झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

खरी मजा आली ती कांदळवनाच्या (म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या) तक्त्यामुळे. भिंतीवर लावलेला, झाडांची चित्रं आणि खाली शास्त्रीय नावं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढण्यात आयुष्य गेलेले आमचे तात्या चष्मा वर करून ते बघत राहिले आणि म्हणाले, "ही चिप्पी मा? मगे तसा लिवा ना." मी म्हटलं तात्या, पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे. त्यावर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. झाडाला असं पद मिळालंय म्हणून आनंद झाला की मला वेड लागलंय असं वाटलं, काही कळलं नाही.

मग कुणीतरी म्हणालं सुकती (ओहोटी) लागलीय, खाडीवरच जाऊया, आणि निघालोच सगळे. भाषण राहिलं. (पाहुणे पण चप्पल हातात घेऊन आले, मानलं पाहिजे.) तात्यांनी तिवराचं (हेही खारफुटीतलंच झाड) पान तोडून पोरांना दिलं, "चाटून बघा." खारट! तिवर मुळातून आलेलं जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतो, हे मी वाचलेलं, सांगितलं पण असतं, पण चाटायला लावायचं माझ्या डोक्यात आलं नसतं. मुंबईची एक मुलगी चार पानं चाटून आली आणि प्रत्येकाची चव वेगळी आहे म्हणून भांडायला लागली. चिखलातून वर आलेल्या खुंट्या म्हणजे मुळं आहेत, झाड त्यातून श्वास घेतं, म्हटल्यावर सगळे पाय जपून टाकायला लागले. कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजून लांब लोंबतात त्या पण दाखवल्या, एकाला ती शेवग्याची शेंग वाटली.

तिथेच बांधावर बसून तात्यांना कुणीतरी विचारलं मासेमारी बंद का असते, वादळं असतात म्हणून ना? ते म्हणाले वादळ तर आसाच, पण पावसाच्या तोंडावर माशाच्या पोटात गाबोळी (अंडी) असते, ती मारलीस तर फुडच्या वर्षाक काय खातलस. आणि मग बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांवर आणि एलईडी दिवे लावून रात्री मासे ओढणाऱ्यांवर जे काही बोलले ते वहीत लिहू नका असं पोरांना सांगावं लागलं. त्या दिव्यांवरची बंदी कागदावर आहे, दर्यात दिवे दिसतातच. राग खराच आहे त्यांचा.

बाकीचं मात्र पोरांनी वहीत लिहिलंय. झाडांची नावं, कुठला मासा खाडीत पिलं घालतो, चिंबोरी कुठल्या बिळात सापडते. अक्षर भयंकर, दोन पानांवर चिखलाचे हात. मी परत आल्यावर ग्रंथपाल ताईंना म्हटलं ही वही दाखल रजिस्टरला चढवा, पुस्तकासारखा नंबर द्या. त्या म्हणतायत लेखक कोण, प्रकाशक कोण, किंमत काय, तपासणीला आलेले विचारतील. मी म्हटलं लेखक तात्या आणि मंडळी. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. उद्या परत जाऊन वाद घालणार आहे, शिवाय २६ जुलैच्या कांदळवन दिनाला तात्यांना परत बोलवायचंय, पुढे नारळी पुनवेनंतर ते काही हाती लागायचे नाहीत.