एक उतारा, दोन वह्या

गुरुवार, रात्री

आजचं वाचन गाडगेबाबांचं. डेबूजीच्या (हे त्यांचं मूळ नाव) मामाच्या शेतावर सावकार हक्क सांगायला येतो तिथपासून १९०५ साली डेबूजी घर सोडून निघतो तिथपर्यंत. त्यांचं जन्मगाव शेंडगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे माझी दोघंही लेकरं कान देऊन बसली होती.

उतारा एकदाच वाचायचा, मग ऐकलेलं लेकरांनी आपल्या शब्दांत सांगायचं किंवा लिहायचं. हा नियम मी इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसनबाईंकडून घेतला आणि तो मोडायची माझी तयारी नाही. आई परत वाचेल हे ठाऊक असलं की लेकरं अर्ध्या कानानं ऐकतात.

मोठी अकराची, धाकटा नऊला टेकलेला, दोघंही घरीच शिकतात. दोघांना एकत्र लिहितं करायचं तर वयातल्या फरकाची अडचण फारशी नाही. जो आधी बोलतो त्याचंच दुसऱ्याच्या वहीत उतरतं, ही खरी अडचण. म्हणून वाचन संपलं की मोठी वही घेऊन समोरच्या खोलीत जाते आणि धाकटा माझ्याजवळ स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत तोंडी सांगतो.

आज त्याचे सोले परातीत कमी आणि खाली जास्त पडले. "मंग सावकार आला नं आई, तरी डेबूजी वावरातून हटलाच नाही!" असं म्हणत तो उभाच राहिला. सावकाराचं भांडण चांगलं रंगवून झालं. घर सोडण्याला मात्र तीनच शब्द, "मंग तो गेला."

मोठीच्या वहीत सावकार एका ओळीत आटोपला. बाकी पानभर घरी राहिलेली आई, बायको, लेकरं. शेवटी तिनं लिहिलंय, "सकाळी उठल्यावर लेकरांना कोणी सांगितलं असेल?" उताऱ्यात हे कुठंच नाही. मी ते तसंच राहू दिलं.

दोघांतलं बरोबर कोणाचं, हे ठरवायला बसूच नये असं माझं ठाम मत आहे. रिद्धपूर इथून जवळ. तिथेच तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना विचारून विचारून पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहून काढल्या. त्या लीळाचरित्रात एकाच लीळेचे, म्हणजे प्रसंगाचे, वेगवेगळे पाठ सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदलेले सापडतात. आपल्या मराठी गद्याची सुरुवातच अशी ऐकलेलं आठवून लिहिण्यातून झाली, याचा मला फार आधार वाटतो.

धाकट्याचं डोकं पळतं, हात मागे राहतो. मेसनबाई सहा वर्षांआधी सांगण्याचीही सक्ती नको म्हणतात, लिहिणं तर त्याच्याही बरंच पुढचं. म्हणून तो सांगतो तसं मी उतरवून घेते, शेवटची दोन वाक्यं तेवढी त्यानं लिहायची. आज 'मंग तो गेला' त्याच्याच हातचं आहे, ओळ सोडून वर चढलेलं.

लाल पेन मी वहीला लावत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले दोन-तीन शब्द बाजूला टिपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशीच्या शुद्धलेखनात घालते. लिहितानाच टोकलं की मोठी सोपे शब्द शोधायला लागते, आणि मग पानभर लिहिणारी पोरगी पाच ओळींवर येते.

उद्याचा उतारा मोठी वाचणार आहे. धाकट्यानं झोपताना बजावलंय, उद्या शेंगा नको, तोही वही घेऊन बसणार. बसू दे. चार ओळी झाल्या तरी पुष्कळ, पुढचं मी उतरवून घेईन.