आमची वाटचाल : नव्या लेखकांच्या कथा-कविता, सदाशिव पेठेतून

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची, पण नाव नसलेल्या लेखकाची कथा संपादकाच्या टेबलावर पोचेपर्यंत दोन-तीन दिवाळ्या सहज जातात. अशा मुलामुलींच्या कथा-कविता आम्ही रेकॉर्ड करतो, पॉडकास्टवर ऐकवतो आणि त्यांना मानधन देतो. हा आमचा व्यवसाय आहे, फावल्या वेळची हौस नव्हे.

सुरुवात वाड्याच्या मागच्या खोलीत झाली. भिंतींना गोधड्या, दाराला जुना गालिचा आणि शूर कंपनीचा एसएम ५८ हा डायनॅमिक माइक. बारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक घ्या, आवाज खुलतो, असं सगळे सांगत. खुलतो, पण टिळक रोडचे हॉर्नही आत येतात. डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर ठेवा, गेन, म्हणजे माइकने आवाज किती उचलायचा ते, नीट लावा, पंखा बंद करा. कविता आम्ही आजही त्याच माइकवर घेतो. गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळचं रेकॉर्डिंग बंद.

आमचे पहिले पक्के श्रोते म्हणजे शनिवार पेठेतले एक काका. आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. भाग आला की मिनिट-सेकंद मांडून वहीत लिहायचे : इथे पान सळसळलं, इथे बाईंनी स्वल्पविराम गिळला, इथे ओळ कुठे तुटली ते कळलं नाही. ती वही पाहूनच आम्ही सुटे कागद बंद करून टॅबवरून वाचायला लागलो.

मधली वर्षं बरी गेली. मग एक मोठी ऑडिओ कंपनी दारात आली. प्रायोजकत्व आम्ही देतो, होस्टिंगचा, म्हणजे भाग इंटरनेटवर साठवण्याचा, खर्चही आमचा, फीड, म्हणजे ॲपना नवे भाग पोचवणारा पत्ता, आमच्या खात्यावर राहू दे, करार संपला की परत. सह्या झाल्या. करार संपायच्या आतच आमच्याच साच्यातला त्यांचा कार्यक्रम सुरू झाला : आधी कथा, मग लेखकाशी गप्पा. आमच्याकडे पहिल्यांदा वाचलेल्या मुलींना कागद गेले, सर्व हक्क, कायमचे, जगभर. आमचे शेवटचे हप्ते बुडवले. फीड सोडताना रीडायरेक्टही, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारी खूणही, दिला नाही. जुन्या पत्त्यावर ही खूण (३०१) नसेल तर काय होतं ते या कामातल्यांना सांगायला नको. श्रोते जुन्या फीडवरच राहिले, नवा भाग कुणाच्या ॲपमध्ये पोचेना. वकिलाच्या नोटिशीला उत्तर नाही, कोर्टाचा खर्च झेपेना. भाडं थकलं, रेकॉर्डिंगचा मिक्सर विकायला काढला. तेव्हा काका वर्षाची वर्गणी घेऊन आले. आम्ही वर्गणी सुरूसुद्धा केलेली नव्हती. त्यांच्यामागून बाकीचे आले आणि मिक्सर घरातच राहिला.

त्या कंपनीचा कार्यक्रम आता बंद आहे. आमचा चालू आहे.

नव्यांनी एवढं करावं. फीडचं खातं स्वतःच्या ईमेलवर ठेवा. मूळ २४ बिटच्या वेव्ह फाइल दोन डिस्कवर ठेवा, दाबून लहान केलेल्या एमपी३ वर भिस्त नको. लेखकांनो, कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा : हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ‘कायमचे, जगभर’ असं छापून आणतात. ते खोडा, मग सही करा.

आमच्याकडे कथा पाठवताना हजार-बाराशे शब्दांची पाठवा, युनिकोडमध्ये. श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल आमच्याकडे उघडत नाही. कवितेच्या ओळी जिथे तोडल्या असतील तिथेच तोडून टाइप करा.