व्हर्दूनच्या जंगलात: चर कुठला, खंदक कुठला

मार्चमध्ये दोन दिवस फ्रान्समधल्या व्हर्दूनला, पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर, उरलेले खंदक बघायला जाऊन आलो. पहिली सकाळ वायाच गेली. ज्याला खंदक समजून मी वीसेक फोटो काढले, तो पाणी काढून द्यायचा साधा चर निघाला! आपल्याकडच्या डोंगरांवर सलग समतल चर बघत वाढलेल्या माणसाने तरी फसायला नको होतं.

म्हणून तुम्ही सुरुवात दुओमों किल्ल्याजवळच्या ‘बुआयो द लोंद्र’पासून करा. आघाडीकडे माणसं आणि दारूगोळा नेण्याची ही वाट. रस्त्यालगतच आहे आणि काँक्रीटची बाजू अजून उभी असल्याने चुकायची सोय नाही. तिथे डोळा बसला की जंगलात शिरा.

चर सरळ जातो, नाहीतर उतार धरून. लढायचा खंदक दर काही पावलांवर काटकोनात मोडतो. तोफगोळा आत पडला तर तुकडे सगळ्या रांगेत उडू नयेत, म्हणून. शंभर वर्षांच्या पाचोळ्याने तो आता जेमतेम गुडघाभर उरलाय, पण मोड कळतो. उपसलेली माती बहुधा शत्रूच्या बाजूला जास्त असते. त्यावरून तोंड कुठे होतं याचा अंदाज येतो. वाडग्यासारखे गोल खड्डे तोफगोळ्यांचे. लांबट खड्डा आणि एकाच बाजूला मातीचा ढीग दिसला, तर तिथे झाड उन्मळलं असणार. १९१६ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर इथे इतका मारा झाला, की पुष्कळ ठिकाणी खंदक खड्ड्यांतच विरघळलेत. तिथे डोकं लढवू नका, पुढे चला.

एका वळणावर शेवाळातून बूच काढायच्या स्क्रूसारखा पिळाचा लोखंडी खुंट वर आलेला दिसला. काटेरी तारेचा. हातोडीचा आवाज शत्रूला जाऊ नये म्हणून तो जमिनीत पिळून बसवायचे. हात लावला नाही. तुम्हीही लावू नका. जिवंत गोळे अजून सापडतात. खुणेची पायवाट सोडायची नाही. परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन शोधाशोध करणं तर फ्रान्समध्ये गुन्हाच आहे.

जायचं तर पालवी फुटायच्या आत. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर सावली पडून कडा उठून दिसतात. भर दुपारी सगळं सपाट. निघण्याआधी ‘आयजीएन’ या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचे लिडार (लेझरने जमीन मोजून केलेले) नकाशे नेटवर फुकट बघता येतात. झाडं वगळून जमीन दिसते, नागमोडी रेषा लगेच कळतात. शिकारीच्या हंगामात ‘शास आं कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर मुकाट्याने मागे फिरा. बूट घोट्याच्या वर येणारे घ्या. माझे साधे होते, ते परतीच्या गाडीत पिशवीत बांधून आणले.