हर्स्ट अखेर ०.८ वर आला: वॉर्म-अपचा गुंता सुटला

सुटलं एकदाचं! माझ्या नेटवर्क ट्रॅफिकच्या सिम्युलेशनमध्ये मागच्या नोंदीत ०.९ वर अडून बसलेला हर्स्ट पॅरामीटर (ट्रॅफिकमधला सहसंबंध किती लांबवर टिकतो याचं माप) आता ०.८ च्या आसपास स्थिरावलाय. मॉडेल तेच: अनेक सोर्स, प्रत्येक आळीपाळीने ऑन (डेटा पाठवतो) आणि ऑफ (गप्प). ऑन कालावधी पॅरेटो, म्हणजे अधूनमधून फार लांब येणारे, शेपटीचा घात अल्फा १.४, ऑफ एक्स्पोनेन्शियल, दोघांची सरासरी सारखी. (३ − अल्फा)/२ म्हणजे ०.८ यायलाच हवा. पण व्हेरियन्स-टाइम प्लॉटचा (डेटाची सरासरी मोठमोठ्या तुकड्यांवर घेत गेल्यावर चढउतार किती घटतात त्याचा लॉग-लॉग आलेख) उतार −०.४ ऐवजी −०.२ यायचा आणि सोर्स वाढवले की आणखी सपाट व्हायचा. सोर्सच्या संख्येने हर्स्ट का बदलावा?

सुगावा दिला वेव्हलेटने. आब्री-वीच या वेव्हलेटवरून हर्स्ट काढायच्या पद्धतीत त्याच डेटावर हार हा साधा वेव्हलेट एक उत्तर देई, जास्त व्हॅनिशिंग मोमेंट्सचा (म्हणजे संथ ट्रेंड गाळून टाकणारा) डीबी३ दुसरं. व्हॅनिशिंग मोमेंट्स वाढवल्यावर उत्तर हलतं, म्हणजे डेटात ट्रेंड लपलाय. सरासरी लोड काढून पाहिला, तर तो रनभर हळूहळू चढतोय!

कारण सरळ आहे. सगळे सोर्स शून्यापासून नवा कालावधी सुरू करतात आणि फार लांब ऑन कालावधी जमायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला लोड कमी पडतो. ‘सुरुवातीचा भाग (वॉर्म-अप) कापून टाका’ हा नेहमीचा सल्ला इथे लंगडा पडतो. ही तूट वेळेच्या −०.४ घाताने विरते. ती दहापट कमी व्हायला वेळ ३१६ पट लागतो. कापणार तरी किती?

उपाय म्हणजे स्थिर अवस्थेतूनच सुरुवात करणं. प्रत्येक सोर्स ५० टक्के शक्यतेने ऑन. ऑन असेल तर पहिला कालावधी उर्वरित आयुष्याच्या (चालू कालावधीचा उरलेला वेळ) वितरणातून: किमान कालावधी k धरला तर २/७ शक्यतेने ० ते k मधला एकसमान आकडा, नाहीतर k पासून पुढचा पॅरेटो, अल्फा अवघा ०.४. ऑफला हातही लावायचा नाही, एक्स्पोनेन्शियलला स्मृती नसतेच. चार ओळींचा कोड! हार आणि डीबी३ च्या रेषा एकमेकींवर बसलेला तो प्लॉट मी कितीतरी वेळ बघत राहिलो.

माझं ठाम मत: हर्स्ट काढायची जुनी आर/एस पद्धत आता बाजूला ठेवावी, ट्रेंड आहे की नाही हे ती सांगतच नाही. पायवेव्हलेट्स ही पायथनची वेव्हलेट लायब्ररी मात्र हवीच. एवढ्या मॉडेलसाठी एनएस-३ हा नेटवर्क सिम्युलेटर उघडायची गरज नाही. टीसीपीचा फीडबॅक आणायचा असेल तेव्हा त्याला पर्याय नाही.

पुढे एकच प्रचंड लांब रन घ्यायचं ठरवलं होतं. लिहिता लिहिता तो बेत बदलतोय. हर्स्ट ०.८ असताना सरासरीतली चूक निम्मी करायला ३२ पट लांब रन लागतो. स्वतंत्र रन मात्र चौपट पुरतात. सुरुवातच स्थिर असल्यामुळे आता छोटे रन चालतील. म्हणजे वेगवेगळ्या सीडचे (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीचे) अनेक रन.

नोरोसच्या सूत्राप्रमाणे क्यू (पाठवण्याची वाट बघणारी पॅकेट्सची रांग) बफरपेक्षा लांब होण्याच्या शक्यतेचा लॉग बफरच्या ०.४ घाताने घटतो का, हे त्यावरच तपासेन. सोबत बेलकोर या अमेरिकन टेलिकॉम संशोधन संस्थेचा ऑगस्ट १९८९ चा दहा लाख पॅकेट्सचा ट्रेस (खऱ्या नेटवर्कवरची नोंद) त्याच क्यूमधून सोडायचा, आणि नंतर त्याचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून पुन्हा. तुकडे आधी एका सेकंदाचे ठेवतो. लांब पल्ल्याचा सहसंबंध मोडल्यावर क्यू किती आटते ते पाहू.