पुट ऑफ की कॉल ऑफ?

मंगळवार, रात्र.

आज दुपारी ऑफिसात एका मेलवरून चांगलाच काथ्याकूट झाला. नव्या टॉवेलचे नमुने रंगून आले नव्हते, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाबरोबरची मीटिंग पुढं ढकलायची होती. आमच्या नव्या मुलीनं लिहिलं, 'द मीटिंग इज कॉल्ड ऑफ'.

"अगं, कॉल ऑफ म्हणजे रद्दच. त्याला वाटेल, यांना ऑर्डर नकोय. ढकलायची असेल तर पुट ऑफ."

"दोन्हीत ऑफच आहे की हो ताई!"

आता यावर काय बोलायचं? मेलमध्ये शेवटी सरळ 'पोस्टपोन्ड' टाकलं. पुट ऑफ बोलण्यातच शोभतं.

पण तिला म्हटलं, 'सांगून टाक' आणि 'सांगून ठेव' यात तू कधी गडबडतेस का? 'टाक' म्हटलं की विषय संपला, 'ठेव' म्हटलं की पुढं काहीतरी आहे. तिच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी ती इथं सोलापुरात अशोक चौकातल्या गल्लीत खेळताना शिकली. टाक-ठेव तिला कुणी शिकवलेलं नाही. इंग्रजीतली ही जोडपीही अशीच कानात बसतात, यादी घोकून नाही, असं माझं मत.

एक नियम मात्र खरंच चालतो. ज्यात उभं राहून चालता येतं त्या बस, रेल्वे, विमानातून 'गेट ऑफ'. कारमधून, रिक्षातून 'गेट आउट'. टांग टाकून बसायच्या दुचाकीला पुन्हा ऑफच. म्हणजे सात रस्ता चौकात सिटी बसमधून उतरलं तर गेट ऑफ, रिक्षातून उतरलं तर गेट आउट. पण 'गेट आउट' आपल्याकडं मास्तर वर्गाबाहेर काढताना म्हणतात, त्यामुळं ते तोंडात येत नाही आणि सगळे 'गेट डाउन'वर भागवतात. सोलापुरात मला त्यात काही वावगं वाटत नाही. इंग्लंडात कुणी ओरडून 'गेट डाउन' म्हटलं तर मात्र लोक खाली वाकतील.

फॉर्मचंही तसंच. आपण 'फिल अप' करतो, इंग्रज 'फिल इन', अमेरिकन 'फिल आउट'. फिल अप पेट्रोलच्या टाकीला ठेवावं.

उद्या तिला 'रन आउट' सांगायचंय. आपल्याकडचं सूत संपलं तर 'वुई हॅव रन आउट ऑफ यार्न', दुकानातला माल विकून संपला तर 'सोल्ड आउट'. पोरगी क्रिकेटवेडी आहे, आधी कोण आउट झालं ते विचारेल.