बेदाणा, शिनजियांग आणि खासदाराचा प्रश्न

लोकसभेच्या कामकाज नियमांतला ४१ वा नियम प्रश्न कसा असावा हे सांगतो. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत असावा, त्यात उपरोध किंवा बदनामीकारक मजकूर नसावा, अशा सहज समजणाऱ्या अटींबरोबर एक अट अशीही आहे की, मित्र असलेल्या परकीय देशाचा उल्लेख प्रश्नात असभ्यपणे करता येणार नाही. परराष्ट्र धोरण आणि मानवी हक्क यांबद्दल सरकारला जाब विचारू पाहणारे पुष्कळ खासदार ही अट वाचून एकतर गप्प बसतात किंवा शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, भाषण ठोकून मोकळे होतात. मला त्यांची ही समजूत चुकीची वाटते. परदेशात जे घडते त्याचा निषेध करण्यासाठी संसदेतला प्रश्न नसतोच. त्या घटनेवर आपल्या सरकारने काय केले, कोणते मत दिले आणि का दिले, हे काढून घेण्यासाठी तो असतो. म्हणजे प्रश्न बीजिंगला किंवा कोलंबोला विचारायचा नाही, दिल्लीला विचारायचा आहे, आणि दिल्लीला विचारण्यात कोणत्याही मित्रदेशाचा अवमान होत नाही.

सांगलीत असे काही बोलले की ठरलेले उत्तर मिळते: आपल्या खासदाराने उसाच्या दराचे बघावे, महापुराचे बघावे, परदेशातल्या लोकांच्या हक्कांशी त्याला काय करायचे? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला या जिल्ह्यातूनच उत्तर देतो. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात बेदाणा हे हजारो घरांचे वर्षाचे उत्पन्न आहे, आणि नेपाळमार्गे चिनी बेदाणा देशात शिरतो व सौद्यातले दर पडतात, ही तक्रार अलीकडे शेतकरी आणि व्यापारी दोघेही करत आले आहेत. चीनमध्ये बेदाण्याचे मुख्य क्षेत्र म्हणजे शिनजियांग प्रांतातले तुर्फान. ज्या उइघुर मुस्लिम समाजाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी अहवाल प्रसिद्ध केला आणि तिथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असण्याची शक्यता नोंदवली, तो समाज याच प्रांतातला. सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अमेरिकेने शिनजियांगमधल्या मालाची आयात रोखणारा कायदाच केला, आणि तो जून २०२२ पासून अमलात आहे. आपल्या बाजार समितीत आलेला अमुक पेटीतला माल सक्तीच्या मजुरीचा आहे असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण आयात शुल्क चुकवून माल येतो का, हे विचारणाऱ्या खासदाराने त्याच श्वासात तो माल कोणत्या परिस्थितीत तयार होतो याची चौकशी सरकारने केली आहे का, हेही विचारले, तर तो मतदारसंघ सोडून भलतीकडे गेला असे कोणी म्हणू नये.

आता त्या अहवालानंतर काय झाले ते पाहू. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क परिषदेत शिनजियांगच्या परिस्थितीवर चर्चा घ्यावी असा प्रस्ताव आला. ४७ सदस्यांपैकी १७ बाजूने, १९ विरोधात आणि ११ तटस्थ, असा तो पडला. भारत तटस्थ राहिला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले की, एखाद्या देशाचे नाव घेऊन आणलेले ठराव उपयोगी पडत नाहीत ही भारताची जुनी भूमिका आहे. मात्र शिनजियांगमधल्या लोकांच्या मानवी हक्कांचा आदर झाला पाहिजे. दुसरे वाक्य चांगले आहे. पहिल्याची मात्र तपासणी व्हायला हवी, कारण याच परिषदेत श्रीलंकेचे नाव घेऊन आणलेल्या ठरावांच्या बाजूने भारताने मार्च २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१३ मध्ये मत दिले होते. २०१४ मध्ये, तेच सरकार दिल्लीत असताना, आपण तटस्थ झालो, आणि त्याचे कारण निदान स्पष्ट सांगितले गेले: त्या ठरावात आंतरराष्ट्रीय चौकशी यंत्रणेची तरतूद होती आणि ती आपल्याला मान्य नव्हती. कारण पटो न पटो, ते कारण होते. ठरावातल्या एका विशिष्ट गोष्टीवर बोट ठेवणारे होते. पुढे सरकार बदलले आणि २०२१ व २०२२ मध्येही श्रीलंकेवर भारत तटस्थच राहिला. तेव्हा हा अमुक पक्षाचा किंवा तमुक नेत्याचा दोष म्हणून मांडणाऱ्यांनी या तारखा आधी एका ओळीत लिहून पाहाव्यात.

अशा वेळी सरकारकडून येणारी उत्तरे मी बरीच वाचली आहेत. सरकार घडामोडींवर बारकाईने लक्ष ठेवून आहे, संबंधित देशाशी योग्य पातळीवर संवाद चालू आहे, आणि सर्वांनी संयम बाळगावा, एवढ्यात ती संपतात. यात खोटे काही नसते आणि खरेही फारसे हाती लागत नाही. याचे एक कारण प्रश्नाच्या रचनेत आहे. लेखी उत्तराचा अतारांकित प्रश्न विचारला की पुढे उपप्रश्न विचारता येत नाही. तोंडी उत्तराचा तारांकित प्रश्न चिठ्ठीत निघावा लागतो, दिवसाला असे वीसच निघतात, आणि त्यातले सभागृहात तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात ते त्याहून कमी. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात, गलवानच्या चकमकीला तीनच महिने झाले असताना, साथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला आणि फक्त लेखी उत्तरे मिळाली. साथ खरी होती. पण मंत्र्याला समोरासमोर विचारण्याची सोय गेली, हेही खरे.

त्याआधीचा प्रसंग आमच्या शेजारच्या जिल्ह्याला अधिक जवळचा आहे. साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण ऑक्टोबर १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले आणि मार्च १९७७ पर्यंत त्या पदावर होते. म्हणजे आणीबाणीचा सगळा काळ त्यात आला. जुलै १९७५ च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच स्थगित केला गेला, मधु लिमये आणि मधु दंडवते यांच्यासारखे प्रश्न विचारण्यात तरबेज असलेले सदस्य तुरुंगात होते, आणि भारतातल्या अटकसत्राबद्दल परदेशांत विचारणा होत असताना तिला उत्तर देणारे खाते साताऱ्याच्या खासदाराकडे होते. यशवंतरावांबद्दल या भागात जो आदर आहे तो मलाही आहे. तरीही त्यांच्यावरच्या स्मृतिलेखांत ही अडीच वर्षे फार झरझर उलटली जातात, असे मला नेहमी वाटत आले आहे.

सातारा जिल्ह्यातल्याच औंधचे अप्पासाहेब पंत मला या संदर्भात अधिक आठवतात. संस्थानिकाचे पुत्र असून १९४८ मध्ये ते भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले आणि तिथल्या वसाहतीच्या सरकारची मर्जी राखण्याऐवजी आफ्रिकी लोकांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने वावरले. ब्रिटिशांची नाराजी ओढवली आणि काही वर्षांनी त्यांना तिथून निघावे लागले. मित्रदेशाशी संबंध आणि तिथल्या प्रजेचे हक्क या दोन गोष्टी एकाच प्रतिनिधीला सांभाळायच्या असतात, आणि त्यासाठी किंमतही मोजावी लागते, हे औंधच्या माणसाने तेव्हाच दाखवले होते.

दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात आपण पडलो तर उद्या ते आपल्यात पडतील, हा आक्षेप मात्र हलक्याने घेण्यासारखा नाही. जुलै २०२३ मध्ये युरोपियन संसदेने मणिपूरवर ठराव केला तेव्हा भारताने तो हस्तक्षेप म्हणून फेटाळला. पण १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा विषय संयुक्त राष्ट्रांत प्रथम नेला तो भारतानेच, आणि ही आमची अंतर्गत बाब आहे असे तेव्हा दक्षिण आफ्रिका म्हणत होती. ३१ मार्च १९७१ रोजी पूर्व बंगालच्या जनतेला सहानुभूती आणि पाठिंबा देणारा ठराव आपल्या संसदेने एकमताने केला. तोही दुसऱ्या देशाच्या हद्दीतलाच विषय होता. म्हणून ज्या खासदाराला या विषयावर विचारायचे आहे त्याने आधी स्वतःची तयारी पाहावी. शिनजियांगवर बोलणारा गाझावर गप्प, गाझावर बोलणारा बांगलादेशातल्या हिंदूंवर गप्प, आणि तिन्हींवर बोलणारा मणिपूरचे नाव निघताच बाहेर, असे असेल तर मंत्र्याला उत्तर टाळणे फार सोपे जाते. शिवाय घरचेही विचारावे: छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही, आणि २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक राज्यसभेत अडकून पडले ते पडलेच.

माझ्या मते प्रश्न असा असावा. परराष्ट्रमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: मानवी हक्क परिषदेत गेल्या दहा वर्षांत देशाचे नाव असलेल्या कोणकोणत्या ठरावांवर भारताने बाजूने, विरोधात किंवा तटस्थ मत नोंदवले, प्रत्येक वेळी मतामागचे कारण तिथे कोणत्या शब्दांत सांगितले, आणि ती निवेदने सभागृहाच्या पटलावर ठेवण्याची सरकारची तयारी आहे काय? जिनिव्हात आपला प्रतिनिधी कारण सांगतो आणि ज्या संसदेला सरकार जबाबदार आहे तिला ते आपणहून कळवले जात नाही, हे मला विचित्र वाटते. प्रश्न चिठ्ठीत निघालाच आणि मंत्र्यांनी राष्ट्रहित हा शब्द उच्चारून बसायचे ठरवले, तर उपप्रश्न तयार असावा: २०१४ मध्ये श्रीलंकेच्या ठरावातल्या चौकशीच्या तरतुदीवर आपला आक्षेप होता, शिनजियांगचा प्रस्ताव तर केवळ चर्चा घेण्याचा होता, त्यात कोणाचा निषेध नव्हता आणि कोणती यंत्रणाही नव्हती, मग त्यातल्या नेमक्या कोणत्या भागाला आपली हरकत होती?